लोखंडात कोरलेला वेळ

पाकिटाची शिवण नीट चिकटत नसली, की मी जॉचा, म्हणजे शिवण दाबणाऱ्या तापत्या जबड्याचा, कॅम शाफ्टवरून उतरवून व्हाइसमध्ये धरायचो आणि त्याची चढण जिथं सुरू होते तिथं कानशीचे दोन-चार हलके हात मारायचो. कॅम परत बसवला की जॉ किंचित उशिरा उघडायचा, प्लास्टिकला तापायला तेवढा जास्त अवधी मिळायचा आणि शिवण पक्की यायची. किती घासायचं हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, बोट फिरवून कळायचं. वीस वर्षं मी हे काम केलं. त्या वीस वर्षांत आपण वेळ घासतोय असं एकदाही मनात आलं नाही.

ते कळलं चाळिशी उलटल्यावर, तोच कॅम यंत्रातून कायमचा काढून टाकायची पाळी आली तेव्हा.

मी आयटीआयचा फिटर, १९९४चा. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मसाला पॅकिंगच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायला होतो. मुख्य माल हळद. सांगलीत हळदीचं काय कौतुक सांगायचं? हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षं टिकायची, इथल्या बाजारात तिचा भाव ठरायचा. आमच्याकडे ती दळून यायची आणि एक जुनं यंत्र ती १०० ग्रॅमच्या पाकिटांत भरायचं. एक मोटर, एक गिअरबॉक्स, एक लांब शाफ्ट आणि त्यावर ओळीनं बसवलेले कॅम, म्हणजे कडेला चढ-उतार असलेल्या लोखंडी चकत्या. शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पाकीट. एक कॅम फिल्म ओढायचा, दुसरा जॉ मिटवायचा, तिसरा मापाचा पेला सरकवायचा, चौथा सुरी मारायचा. मिनिटाला वीस पाकिटं.

पेल्यानं हळद आकारमानावर मोजली जायची आणि अडचण तिथंच होती. हळदीची पूड रात्रभर हॉपरमध्ये राहिली की बसते, घट्ट होते. मग सकाळची पाकिटं जड भरतात. दुपारी चक्कीवरून ताजी, गरम, फुललेली पूड आली की तीच पाकिटं हलकी होतात. हलकं पाकीट गेलं तर गिऱ्हाइकाची फसवणूक, म्हणून शेठनी पेला थोडा मोठाच ठेवायला लावला होता. सरासरी दोन ग्रॅम जास्त. आठ तासांत ९,६०० पाकिटं, म्हणजे रोज १९ किलो हळद फुकट. शिवाय ५० ग्रॅमची ऑर्डर आली की पेला बदला, कॅम सरकवा, अर्धा दिवस घालवा. नव्या यंत्राची किंमत शेठना झेपणारी नव्हती. एक दिवस ते म्हणाले, "मिस्त्री, हे आपल्यालाच सुधारता येतंय का बघा."

शेजारच्या गाळ्यात एक पोरगा इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरचे बोर्ड दुरुस्त करायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी लहान. मी त्याला विचारलं. त्यानं कपाटातून हातात मावेल एवढा निळा बोर्ड काढला. आर्डुइनो उनो. त्यावरची ॲटमेगा ३२८पी ही चिप बोटानं दाखवत म्हणाला, "दादा, ह्यात प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट जागा आहे, आकडे लक्षात ठेवायला २ किलोबाइट, आणि हिच्या घड्याळाचे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके पडतात."

पहिले दोन आकडे मला कळले नाहीत. तिसरा मात्र डोक्यात बसला. घरी जाऊन वहीत मांडलं : आमचं एक पाकीट तीन सेकंदांचं, तेवढ्या वेळात या चिपचे चार कोटी ऐंशी लाख ठोके होतात. मग आमच्या शाफ्टचं मांडलं. तीन सेकंदांत ३६० अंश, म्हणजे एक अंश सुमारे आठ मिलिसेकंदांचा. कानशीनं मी अर्धा अंश घासत असेन, तर चार मिलिसेकंद. माझं बोट इतकी वर्षं चार मिलिसेकंदांचा हिशेब करत होतं. त्या रात्री मला फार आनंद झाला. पोरग्याच्या जगात शिरायला माझ्याकडे एक दार आहे असं वाटलं.

रोज संध्याकाळी सात ते नऊ त्याच्या गाळ्यावर शिकायला जायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात दिवा लुकलुकवला. दुसऱ्यात एक मायक्रोस्विच जोडून पाकिटं मोजायचा प्रोग्रॅम लिहिला. स्विच एकदा दाबला, आकडा तीननं वाढला. पुन्हा दाबला, दोननं वाढला. मला स्विच खराब वाटला, त्याला माझी सोल्डरिंग. दोन्ही ठीक होतं. स्विचच्या आतली पितळेची पट्टी बसताना लोखंडी गेटासारखी दोन-चारदा उसळते आणि मग स्थिर होते. ही उसळी काही मिलिसेकंदांची असते. माणसाला ती दिसत नाही, चिपला मात्र प्रत्येक उसळी वेगळी मोजण्याइतकी सवड असते. एकदा स्विच लागल्यावर वीस मिलिसेकंद त्याच्याकडे बघू नकोस, असं चिपला सांगावं लागलं. डोळे फार तीक्ष्ण असले की कधी झाकायचे हेही शिकवावं लागतं, हे मला नवीन होतं.

एक बोर्ड जाळला. जवळ आलेलं लोखंड ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचे चोवीस व्होल्ट थेट चिपच्या पाच व्होल्टच्या पायावर दिले. त्यानंतर यंत्राची प्रत्येक वायर ऑप्टोकप्लरमधून आणायची शिस्त लागली. आत एक छोटा दिवा, त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा भाग, मधे कुठलीही तार नाही. उजेड पलीकडे जातो, व्होल्टेज अलीकडेच राहतं. इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू मी क्वचितच पाहिली आहे.

मोटरनं मात्र मला माझ्या घरी आणल्यासारखं वाटलं. पेल्याच्या जागी आम्ही ऑगर बसवायचं ठरवलं, म्हणजे उभ्या नळीत फिरणारा स्क्रू. स्क्रू मी स्वतः लेथवर उभं राहून करून घेतला. एका फेऱ्यात साडेबारा ग्रॅम हळद खाली येते, आठ फेऱ्यांत १०० ग्रॅम. त्याला स्टेपर मोटर, दोनशे स्टेपला एक फेरा. म्हणजे १,६०० स्टेपला एक पाकीट, एक ग्रॅमला सोळा स्टेप. दोन सेकंदांत भरायचं तर सेकंदाला ८०० स्टेप. पोरग्यानं प्रोग्रॅममध्ये ८०० लिहिलं, चालू केलं, आणि मोटर जागच्या जागी कण्हत राहिली. रिकाम्या शाफ्टला फिरणारी मोटर हळदीनं भरलेल्या स्क्रूला हलवेना.

तो मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डचा करंट वाढवत होता. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक मोटरवर टेकवलं. आत नुसती थरथर होती. लहानपणी आमच्या गावच्या चक्कीवाल्याचं बघितलं होतं. तो आधी पट्टा मोकळा फिरवायचा, मग हळूहळू दाणे सोडायचा. एकदम लोड टाकला की पट्टा उडतो. मी म्हणालो, "हिला एकदम पळवू नकोस. पहिल्या स्टेपांमध्ये अंतर जास्त ठेव, मग कमी कमी करत जा." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, ह्यालाच रॅम्प म्हणतात. मला पुस्तकातून माहीत होतं, पण का असतो ते आज कळलं." पाव सेकंदाची चढण दिली आणि स्क्रू लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला.

स्टेपरची एक खोड मात्र धोक्याची आहे. तिला स्टेप सांगितल्या की चिप समजते झाल्या. अडकून चार स्टेप हुकल्या तरी चिपला पत्ता नसतो. म्हणून मी स्क्रूच्या शाफ्टवर एक बोल्ट बसवला आणि त्याच्या डोक्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला. आठ फेरे मोजले गेले नाहीत तर ते पाकीट बाजूला. हुकूम दिला आणि काम झालं, या दोन गोष्टींमध्ये एक बोल्टचं डोकं हवंच, असं माझं आजही ठाम मत आहे.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय हे लिखाण खरं होणार नाही.

सगळं जुळून यंत्र पहिल्यांदा हळदीवर चाललं तेव्हा शाफ्ट, कॅम सगळे काढून ठेवलेले होते. जॉ आणि सुरी हवेच्या सिलिंडरवर, फिल्म ओढायला दुसरी स्टेपर, भरायला ऑगर, आणि हॉपरमध्ये पूड ढवळायला ऑगरच्याच शाफ्टवरून फिरणारा दांडा. यंत्रावर जी मावशी असायची ती जुन्या यंत्रावर चौदा वर्षं होती. यंत्राची नस तिला माझ्याइतकीच माहीत. चौथ्या दिवशी तिनं हॉपरमध्ये हळदीची गाठ पाहिली. लाल बटण दाबलं आणि सवयीनं हात आत घातला. जुन्या यंत्रात लाल बटण दाबलं की क्लच सुटायचा आणि सगळं त्याच क्षणी थांबायचं. चौदा वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता.

नवं यंत्र थांबलं नाही. ढवळणारा दांडा तिच्या बांगड्यांवर आला. तीन बांगड्या वाढल्या, मनगटावर ओरखडा उमटला आणि तिनं हात खेचून घेतला. मग स्क्रू आपला आपण थांबला. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मिस्त्री, मी बटण दाबलं की ओ."

तिनं दाबलं होतं. मी ते बटण चिपच्या एका पायाला जोडलं होतं, आणि आम्ही प्रोग्रॅम असा लिहिला होता की १,६०० स्टेप पूर्ण होईपर्यंत चिप दुसऱ्या कशाकडेही बघतच नव्हती. सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांची ती चिप दोन सेकंद ठार बहिरी होती. चूक माझी होती. पोरग्याला यंत्राजवळचा माणूस माहीत नव्हता, मला होता.

हिरव्या काचेचे तुकडे हॉपरमध्ये पडले होते, म्हणून पंधरा किलो हळद टाकून दिली. शेठ काही बोलले नाहीत. माझी बायको मावशीला घेऊन गणपती पेठेत गेली आणि दोन्ही हात भरून नव्या बांगड्या भरून आणल्या. मी त्या रात्री झोपलो नाही.

सकाळी पहिल्यांदा लाल बटणाची वायर चिपपासून तोडली. आता ते बटण सरळ काँटॅक्टर सोडवतं. मोटरची वीज जाते, सिलिंडरची हवा सुटते. त्यात प्रोग्रॅमला कुणी विचारत नाही. हॉपरवर जाळी बसवली, तिच्या झाकणाचा स्विचही त्याच मार्गात घातला. माणसाच्या हाताचा प्रश्न असेल तिथं मधे चिप नको, मग ती कितीही महाग असो. कुणी मला आज नवा प्रोजेक्ट दाखवायला आणला, तर मी सर्वांत आधी लाल बटणाची वायर हातानं माग काढत जातो. बाकीचं नंतर बघतो.

बटणाचा प्रश्न सुटला तरी प्रोग्रॅमचा बहिरेपणा उरलाच होता. फिल्मवरची, कापायची जागा दाखवणारी काळी खूण दिसली तरी चिप भरण्यात गुंतलेली, हवा कमी झाली तरी गुंतलेली. जुना शाफ्ट असा नव्हता. तो फिरत असताना चारही कॅम एकाच वेळी आपापलं काम बघायचे, कुणी कुणासाठी खोळंबायचा नाही. मी हे पोरग्याला समजावायला गेलो, पण मला शब्द सापडेनात. म्हणून घरून आलेखाचा कागद आणला आणि कॅमचा तक्ता काढला. आडव्या रेघेवर शून्य ते ३६० अंश, खाली एकेका कॅमची ओळ : हा इथं चढतो, इथं टिकतो, इथं उतरतो. हा मिटायच्या आत तो सुटलेला हवा. असे तक्ते मी यंत्र खोलताना दरवेळी काढायचो.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग पेन्सिल घेऊन अंशांच्या जागी मिलिसेकंद लिहू लागला. प्रत्येक ओळीला त्यानं एक छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम दिला. प्रत्येकजण फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवतो : मी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, आणि ती केव्हा सुरू झाली. चिप गरगर फिरत प्रत्येकाला विचारते, तुझी वेळ झाली का? नसेल तर पुढे. कुणासाठी थांबणं नाही. सेकंदाला हजारो वेळा ती सगळ्यांचं ऐकून येते. आमचा शाफ्ट पुन्हा फिरू लागला होता, फक्त आता तो लोखंडाचा नव्हता.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्द मला तेव्हा भेटला. जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी तो १९६९मध्ये घडवला, मेकॅनिझम आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून. मोटर बनवणाऱ्या कंपनीत हा शब्द जन्मला यात मला नवल वाटत नाही. मोटर ही वस्तूच दोन्हीकडे पाय असलेली आहे. पुस्तकं या विषयाची फोड सेन्सर, नियंत्रण, चालक अशी करतात आणि ती बरोबरच आहे. पण मला तो विषय भेटला, तो त्या आलेखाच्या कागदावर, एका माणसाच्या अंशांवर दुसऱ्यानं मिलिसेकंद लिहिले तेव्हा.

आता वजन. हा सगळ्यात अवघड भाग, आणि मला सगळ्यात आवडलेला.

लोडसेल म्हणजे ॲल्युमिनियमची एक पट्टी, पोटात भोक पाडलेली. वजन ठेवलं की ती डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारा ताणल्या जातात आणि त्यांचा विरोध बदलतो. आमच्या एक किलोच्या लोडसेलला १०० ग्रॅम ठेवल्यावर जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट मिळायचा. हा इवलासा आकडा वाचायला एचएक्स ७११ नावाची चिप असते. पोरग्याचा बेत सरळ होता : भरता भरताच वजन करायचं, १०० झाले की थांबायचं.

टेबलावर मांडून बघितलं. पहिलं पाकीट १२२ ग्रॅम.

हिशेब केल्यावर कारण दिसलं. दोन सेकंदांत १०० ग्रॅम म्हणजे सेकंदाला ५०. वजनाची चिप सेकंदाला दहा वेळा वाचत होती, म्हणजे दोन वाचनांच्या मधे पाच ग्रॅम पडून जायचे. त्यावर कडी म्हणजे बदललेलं वजन तिच्या आकड्यात पुरतं उतरायला ४०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वीस ग्रॅम पडतात. ती आम्हाला मघाचं वजन सांगत होती आणि आम्ही आत्ताचं समजून ऐकत होतो. तिचा एक पाय दुसऱ्या पातळीला जोडला की ती सेकंदाला ऐंशी वेळा वाचते आणि ५० मिलिसेकंदांत स्थिरावते. ते केलं, फरक पडला, पण आकडे थरथरू लागले. घाईनं सांगणारा माणूस चुकीचंही सांगतो, तसं.

शिवाय नळीच्या तोंडापासून पाकिटाच्या तळापर्यंत पंचवीस सेंटिमीटर. वरून सोडलेला खडासुद्धा तेवढं पडायला जवळपास पाव सेकंद घेतो, हळदीची पूड तर हवेत रेंगाळते. स्क्रू थांबवला त्या क्षणी दहा-बारा ग्रॅम हळद हवेत असते. पोरग्यानं यावर सुंदर गणित मांडलं. पडणारी वस्तू आपटते, तो धक्काही लोडसेलला वजनासारखाच लागतो, आणि खडे सलग पडत असतील तर तो धक्का हवेतल्या खड्यांच्या वजनाएवढाच भरतो. म्हणजे निसर्ग आपली चूक आपणच भरून काढतो. मला ते गणित फार आवडलं. पण हळद म्हणजे खडे नव्हेत. हवा तिला धरून ठेवते, धक्का मऊ लागतो आणि हिशेब सुटतो.

यावर महिनाभर गेला असता. पण मला अचानक जाणवलं की आपण टेबलावर रमलोय. यंत्रावर पाकीट भरताना ते फिल्मला लटकलेलं असतं, वरून जॉच्या पुढची नळी, खालून शिवण. ते लोडसेलवर टेकतच नाही! मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दोघंही शांत बसलो.

वाट मावशीनं दाखवली. ती पाकीट पेटीत टाकताना तळहातावर जोखायची आणि तीन-चार पाकिटं सलग जड वाटली की मला हाक मारायची, "हळद बसलीया." तिनं कधी एका पाकिटावरून हाक मारली नाही. हळद एका पाकिटात बदलत नाही, तासाभरात बदलते. मग भरतानाच वजन करायचा हट्ट कशाला? स्टेप मोजून भरावं, कापून बाहेर पडलेलं पाकीट निवांत जोखावं आणि पुढच्या पाकिटाच्या स्टेप त्याप्रमाणे बदलाव्यात. लोडसेल बाहेरच्या घसरणीखाली गेला आणि त्याला पाकीट शांतपणे वाचायला भरपूर वेळ मिळाला.

तरी पहिल्या दिवशी काय झालं ते माझ्या वहीत आहे. १०३, १०३, १०३, १००, ९७, ९४, ९४, ९७, १०३, १०९. हे आकडे बघून आम्ही हबकलो. यंत्र दुरुस्ती करत होतं आणि दुरुस्तीनंच बिघडत होतं. पाकीट जड निघालं की तीन ग्रॅमच्या अठ्ठेचाळीस स्टेप कमी करायच्या, असं लिहिलं होतं. पण जे पाकीट जोखलं जात होतं त्याच्या मागे आणखी दोन पाकिटं जुन्या मापानं भरून झालेली होती. ती जड निघाली की यंत्र पुन्हा पुन्हा कमी करायचं.

मला सोलर हीटरची न्हाणी आठवली. गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत पाइप लांब असतो. गार पाणी आलं म्हणून गरम नळ पूर्ण सोडला की थोड्या वेळानं चटका बसतो, मग गार सोडायचा, मग पुन्हा हुडहुडी. जाणती माणसं नळ थोडासा फिरवतात आणि वाट बघतात. आम्हीही चुकीचा फक्त पाचवा हिस्सा दुरुस्त करायचं ठरवलं. तीन ग्रॅम जास्त असेल तर ०.६ ग्रॅम कमी कर, साधारण दहा स्टेप, आणि बघ. नववं-दहावं पाकीट येईतो माप जागेवर आलं आणि तिथंच राहिलं. पोरगा म्हणाला, यावर जाडजूड पुस्तकं आहेत, हे नियंत्रणशास्त्रातलं मूळ दुखणं आहे. मला तेव्हा पुस्तक नको होतं. मी एकेक पाकीट उचलून तळहातावर घेत होतो.

पिवळ्या धुळीनं दिलेला त्रास, फिल्मची खूण वाचणाऱ्या सेन्सरवर ती बसून तो आंधळा होणं, जॉच्या हीटरचा काँटॅक्टर सुटला की बोर्ड दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं, हे सगळं झालं आणि फुंकणी, कपॅसिटर, वेगळ्या वाटेनं नेलेल्या वायरी यांनी मिटलं. ते कुठल्याही कारखान्यात होतं.

शेवटचा बिघाड मात्र विसरणार नाही. २०१८च्या १ जुलैला संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही पॅनेल चालू केलं. पावसाळ्यात पॅनेल बंद ठेवलं की आत ओल धरते, म्हणून चिपचा बोर्ड रात्रंदिवस चालू ठेवायचा. वीज गेली तर त्यासाठी पोरग्यानं स्वतः बनवलेली छोटी बॅटरी होती. बोर्ड एकदाही बंद पडला नाही याचा त्याला अभिमान होता. २० ऑगस्टला सकाळी अकरा वाजता यंत्र थांबलं. काही जळलेलं नाही, काही सुटलेलं नाही. बंद करून चालू केलं, सुरळीत. शेठ म्हणाले, चाललंय ना, जाऊ द्या. मला ते जाऊ देता येईना. यंत्र उगीच थांबत नसतं.

मी वहीतल्या तारखा मोजल्या. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास. पोरग्याला हा आकडा सांगितला आणि त्याचा चेहरा बदलला. चिप चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद एका आकड्यात मोजते. त्या आकड्याला बत्तीस खाने असतात, त्यात ४२९ कोटी ४९ लाखांपर्यंतच मोजता येतं. तितके मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास आणि काही मिनिटं. मग आकडा पुन्हा शून्यावर येतो. आम्ही लिहिलं होतं, घड्याळ अमुक आकड्याच्या पुढं गेलं की जॉ उघड. चिपनं शेवटचं बघितलं तेव्हा घड्याळ त्या आकड्याच्या जरा अलीकडे होतं, पुन्हा बघेपर्यंत ते शून्यावर आलेलं होतं, आणि जॉ पुढचे पन्नास दिवस त्या क्षणाची वाट बघत बसला असता. विंडोज ९५लाही हाच बिघाड होता, असं त्यानं सांगितलं. आमचं यंत्र जुन्या पद्धतीनं रोज बंद झालं असतं, तर हा दोष कधीच दिसला नसता. त्याच्या चांगल्या बॅटरीनं तो उघडा पाडला.

उपाय एका ओळीचा होता. अमुक वाजले का, असं विचारायचं नाही. किती वेळ झाला, असं विचारायचं. अकराला दळायला टाकलेली हळद दोनला उचलली तर तीन तास झाले, हे सांगताना मधे बारा वाजून घड्याळ पुन्हा एकवर आलं याची कुणाला अडचण होत नाही. आकड्यांची वजाबाकीही तशीच होते. प्रत्येक ठिकाणी त्यानं वजाबाकी लिहिली.

पण ती बरोबर आहे हे बघायला आणखी पन्नास दिवस कोण थांबणार? त्यानं चिपचं आतलं घड्याळ मुद्दाम शेवटाच्या एक मिनिट अलीकडे नेऊन ठेवलं. यंत्र चालू केलं. पाकिटं पडू लागली. तो लॅपटॉपवर उरलेले सेकंद मोजत होता, मी जॉकडे बघत होतो, मावशी पेटीजवळ उभी होती. वीस सेकंद, दहा, पाच. जॉ मिटला, उघडला. सुरी पडली. पाकीट घसरणीवरून लोडसेलवर येऊन टेकलं, १००.२ ग्रॅम. त्याच्यामागून दुसरं आलं. त्याच्यामागून तिसरं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो. मावशीनं पाकीट उचललं, तळहातावर जोखलं आणि आमच्याकडे बघितलं.

"काय झालं ओ?"

"काही नाही मावशी," पोरगा म्हणाला. "काहीच झालं नाही."